खतपत्रे आणि वह्या : तुकोबांच्या जीवनहेतूची घडण

१. प्रास्ताविक

तुकोबांचे चरित्र मराठी वाचकाला इतके परिचित आहे की, त्यातील घटनांचा परस्परसंबंध सहसा नव्याने तपासला जात नाही. दुष्काळ पडला, घर बुडाले, वैराग्य आले, अभंग स्फुरले, वह्या नदीत गेल्या आणि तरल्या, ही साखळी कीर्तनकारांनी, शालेय पुस्तकांनी आणि १९३६ च्या प्रभातच्या चित्रपटाने लोकमानसात पक्की केली आहे. या साखळीत दुष्काळ हे कारण आणि संतपण हे त्याचे फळ, असे एक गृहीत दडलेले आहे. ते गृहीत पुरेसे नाही. त्या दुष्काळात मावळातील आणि घाटमाथ्यावरील असंख्य कुटुंबे मोडली. आपत्तीतून आपोआप जीवनाचा अर्थ निघत असता, तर तो त्या सर्वांच्या हाती लागला असता. आपत्ती आणि काव्य यांच्यामध्ये तुकोबांच्या आयुष्यात एक दीर्घ आणि कष्टाचा पट्टा आहे. तेथे काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्यावाचून त्यांच्या जीवनहेतूचे स्वरूप कळत नाही.

या चरित्रात नदीने दोनदा कागद घेतले. पहिल्या वेळी ती सावकारीची खतपत्रे होती, दुसऱ्या वेळी अभंगांच्या वह्या. पहिले कागद इतरांकडून येणे असलेल्या धनाचे होते आणि तुकोबांनी ते स्वतःहून सोडले. दुसरे त्यांच्या स्वतःच्या साधनेचे होते आणि ते त्यांच्याकडून हिरावले गेले. या दोन प्रसंगांमधील अंतर हाच तुकोबांच्या चरित्राचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. साधनांचा विचार

तुकोबांच्या चरित्राची साधने तीन स्तरांची आहेत. पहिला स्तर त्यांच्या स्वतःच्या आत्मपर अभंगांचा. संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने रचलेल्या एका अभंगात त्यांनी आपला पूर्ववृत्तांत क्रमवार दिला आहे. दुसरा स्तर समकालीनांचा. शिऊरच्या बहिणाबाई (१६२८–१७००) देहूस येऊन राहिल्या होत्या आणि त्यांचे आत्मनिवेदन तुकोबांच्या अखेरच्या वर्षांवर प्रकाश टाकते. रामेश्वरभट्टांची आणि धाकटे बंधू कान्होबांची रचनाही याच स्तरातील. तिसरा स्तर महिपतींचा. ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांनी तुकोबांचे आज रूढ असलेले चरित्र घडविले. पण ते तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेले आहे.

प्रसंगांचा भराव तिसऱ्या स्तरात सर्वांत दाट आहे. त्यामुळे चरित्रकार बहुधा महिपतींच्या मार्गाने जातात. येथे क्रम उलटा ठेवला आहे. तुकोबांनी स्वतः सांगितलेला घटनाक्रम हा आधार मानून महिपतींच्या कथा त्याच्या अनुषंगाने, परंपरा म्हणून घेतल्या आहेत. गाथेतील इतर अभंगांचा कालानुक्रम ठरविता येत नाही, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. एखादा निराशेचा अभंग दुष्काळानंतरचा की वह्यांच्या प्रसंगानंतरचा, हे गाथेच्या क्रमावरून सांगता येत नाही.

जन्मवर्षाबाबतही अभ्यासकांचे एकमत नाही. १५६८ पासून १६०८ पर्यंत निरनिराळी वर्षे सुचविली गेली आहेत. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, हे आज सर्वाधिक रूढ आहे आणि पुढील वयोगणना त्यानुसार आहे.

३. देहूचे घर

देहू हे इंद्रायणीकाठचे गाव. आज ते पिंपरी-चिंचवडच्या नागरी विस्ताराला लागून आहे. सतराव्या शतकात ते पुणे प्रांतातील एक लहान पेठ असलेले गाव होते. तुकोबांचे घराणे मोरे, आडनाव आंबिले. जात कुणब्याची, व्यवसाय वाण्याचा. गावच्या बाजाराची महाजनकी घरात होती. शेती, दुकान आणि सावकारी असे तिन्ही व्यवहार चालत. म्हणजे हे घर दरिद्री नव्हते. गावातील पत असलेल्या घरांपैकी ते एक होते. पूर्वज विश्वंभर यांच्यापासून घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी चालत आली होती. या देवाचे देऊळ हे घराण्याचेच देऊळ होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. तुकोबांनी विठ्ठल शोधून काढला नाही. तो वारशाने घरात होता. वारशाने आलेली ही गोष्ट स्वतःची कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला मुलगा सावजी विरक्त वृत्तीचा असल्याने व्यापाराचा भार मधल्या तुकोबांवर तेराव्या वर्षीच आला, असे परंपरा सांगते. सर्वांत धाकटे कान्होबा. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची कन्या जिजाई हिच्याशी दुसरा विवाह झाला. पुण्याच्या सावकाराने आपली मुलगी सवतीवर द्यावी, यावरून देहूच्या या घराच्या पतीची कल्पना येते.

सतराव्या वर्षी आईवडील गेले. पुढच्या वर्षी थोरली भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. ते परतले नाहीत. एकाच आपत्तीला घरातील दोन भावांनी दिलेले हे दोन प्रतिसाद आहेत. सावजींनी घर सोडले. तुकोबा राहिले, दुकान चालवीत राहिले आणि धाकट्या भावाला सांभाळीत राहिले. विरक्तीचा रूढ मार्ग त्यांच्यासमोर स्वतःच्या घरातच उपलब्ध होता आणि तो त्यांनी घेतला नाही, ही बाब चरित्रकारांकडून पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

४. दुष्काळ

१६३० च्या आसपासचा दुष्काळ हा दख्खनच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होय. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशाहनामा’त त्याचे वर्णन केले आहे. एक वर्ष बालाघाट आणि दौलताबाद भागात पाऊस नव्हता आणि पुढच्या वर्षी दख्खन व गुजरात कोरडे गेले. भाकरीच्या मोलाने जीव विकायला काढले तरी घेणारा मिळत नव्हता आणि पिठात हाडांची भुकटी मिसळली जात होती, असे तो नोंदवितो. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे गेलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी यानेही वाटेवरील प्रेते आणि ओस गावे पाहिली. त्यातच मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या फौजांच्या हालचाली चालू होत्या. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. देहू या सर्व उलथापालथीच्या परिघात होते.

अशा काळात वाण्याचे घर कसे बुडते, हे समजून घेतले पाहिजे. शेतकऱ्याचे पीक जाते, पण वाण्याचे सर्वच मार्ग एकदम बंद होतात. उधारीवर दिलेले धान्य परत येत नाही, कर्जदार परागंदा होतात, चाऱ्यावाचून ओझ्याचे बैल मरतात आणि बैल मेले की बाजाराशी संबंध तुटतो. ज्या पतीवर व्यापार चालतो ती पतच नाहीशी होते. तुकोबांच्या आत्मपर अभंगात या अवस्थेचा उल्लेख अत्यंत संक्षेपाने येतो. दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला आणि एक स्त्री अन्न अन्न करीत गेली, एवढेच ते सांगतात. ती स्त्री म्हणजे रखमाबाई. तिचा मुलगा संतोबा हाही याच काळात गेल्याचे परंपरा सांगते.

या निवेदनातील एक शब्दभाव विशेष विचारात घ्यावा असा आहे. तुकोबा पत्नीच्या मृत्यूनंतर केवळ दुःखाची गोष्ट सांगत नाहीत, ते लाजेची गोष्ट सांगतात. ज्याच्या दुकानातून गावाला धान्य जात होते, त्याच्या घरात माणूस उपाशी मरावे, ही महाजनाची लाज होती. तुकोबांचे पुढचे चरित्र या लाजेपासून सुरू होते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत जिला जीवनाची अनिश्चितता म्हणतात, ती त्यांच्यापुढे मृत्यूच्या चिंतनाच्या रूपाने आली नाही. व्यवहारात आपण काय होतो आणि काय राहिलो, या हिशेबाच्या रूपाने ती आली.

५. खतपत्रे

परंपरेनुसार याच काळानंतर तुकोबांनी घरातील कर्जखते बाहेर काढली. कान्होबांशी वाटणी केली, निम्मी खते त्यांच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. या कथेचा उगम तिसऱ्या स्तरात असला तरी तिची आंतरिक संगती लक्षणीय आहे. सर्वस्व त्यागणारा विरक्त सगळी खते बुडविता. येथे भावाच्या हक्काला हात लावलेला नाही. धाकट्या भावावर स्वतःचा निर्णय लादावयाचा नाही आणि स्वतःचा निर्णय अर्धवटही ठेवावयाचा नाही, असे दुहेरी भान त्यात आहे.

या कृतीचा सामाजिक अर्थही स्पष्ट आहे. दुष्काळानंतर उरलेले कुणबी जुन्या कर्जाच्या ओझ्याखाली पुन्हा उभे राहू शकत नव्हते. खते बुडाली म्हणजे तेवढी कुळे मोकळी झाली. तथापि चरित्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते दुसरे अंग. खतपत्र हा भविष्यकाळाविषयीचा कागद असतो. पुढे कधीतरी पाऊस पडेल, पीक येईल, कर्ज वसूल होईल आणि गेलेली पत परत मिळेल, अशी ती आशा असते. ती खते सोडणे म्हणजे पूर्वीचे निश्चित आयुष्य परत मिळविण्याचा मार्ग आपल्या हाताने बंद करणे होय. तुकोबांनी अनिश्चिततेवर उपाय शोधला नाही. तिच्यातून मागे फिरण्याची वाट बुजवली. परंतु एवढ्याने जीवनहेतू सापडला, असे मात्र झाले नाही. मोकळी जागा निर्माण झाली. ती भरावयाची होती.

६. क्रमाने आलेली कामे

आत्मपर अभंगातील पुढचा भाग या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. त्यात साक्षात्कार प्रथम येत नाही. प्रथम येते ते मोडके देऊळ. घराण्याचे विठ्ठलमंदिर भंगले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. दगडमातीचे हे काम पहिले. त्यानंतर एकादशीचे कीर्तन सुरू केले. पण आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, अशी प्रांजळ नोंद ते करतात. मग संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. कीर्तनात पुढे कोणी गात असता मागे उभे राहून ध्रुपद धरले. संतांच्या चरणतीर्थाची लाज धरली नाही. शरीर झिजवून जमेल तेवढा परोपकार केला. आप्तांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. खऱ्याखोट्याच्या बाबतीत बहुमत मानले नाही, मनाला साक्षी केले. यानंतर स्वप्नातील गुरूपदेश आणि त्याहीनंतर कवित्वाची स्फूर्ती.

या यादीचा क्रम बदलून पाहिला तर तिचे महत्त्व ध्यानात येते. कवित्व आधी आणि सेवा नंतर असता, तर ते प्रतिभावंताचे चरित्र झाले असते. स्वप्न आधी आणि देऊळ नंतर असते, तर ते कृपेचे चरित्र झाले असते. तुकोबांनी दिलेला क्रम दुरुस्तीपासून पाठांतराकडे, पाठांतरापासून साथीकडे, साथीपासून श्रमाकडे आणि तेथून शब्दाकडे जातो. प्रत्येक पायरीवर ते दुसऱ्याच्या मागे उभे आहेत. देऊळ पूर्वजांचे, वचने संतांची, कीर्तन इतरांचे, ओझे वाटसरूंचे. स्वतःचा शब्द अगदी शेवटी येतो. वारशाने मिळालेली उपासना स्वतःची होण्याची ही प्रक्रिया आहे आणि तिचे साधन चिंतनापेक्षा काम आहे.

एकांताचा भागही याच चौकटीत ठेवावा लागतो. देहूच्या परिसरातील भंडारा, घोरावडेश्वर आणि भामचंद्र या तीन डोंगरांशी तुकोबांच्या साधनेचा संबंध परंपरेने जोडला आहे. घोरावडेश्वर आणि भामचंद्र येथे प्राचीन लेणी आहेत. चाकणच्या पश्चिमेस असलेल्या भामचंद्रावर पंधरा दिवसांच्या निग्रहानंतर साक्षात्कार झाला, असे सांगितले जाते. भंडाऱ्यावर ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि नामदेवांचे अभंग यांचे वाचन-मनन चाले. मात्र हे डोंगर घरापासून दूरचे अरण्य नव्हेत. सकाळी चढून संध्याकाळी गावच्या कीर्तनाला उतरता यावे, इतक्या अंतरावरचा भंडारा त्यांचा नित्याचा डोंगर होता. एकांत आणि गाव यांच्यातील ही ये-जा तुकोबांनी कधीच तोडली नाही.

स्वप्नदीक्षेत बाबाजी चैतन्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला. दुसऱ्या एका स्वप्नानुसार नामदेव पांडुरंगासह आले आणि आपली अपुरी राहिलेली अभंगसंख्या पुरी करण्यास त्यांनी सांगितले. या स्वप्नांचा मानसशास्त्रीय उलगडा काहीही करावा. त्यांचा आशय असा की, तुकोबांना मिळालेले काम नवे नव्हते, ते दुसऱ्याचे राहिलेले काम होते. नामदेव आणि तुकोबा यांच्यात सुमारे तीन शतकांचे अंतर आहे. खतपत्रांत दुसऱ्याकडून येणे होते. येथे दुसऱ्याचे देणे फेडावयाचे होते. महाजनाच्या घरात वाढलेल्या माणसाला आपला जीवनहेतू ऋणाच्या भाषेत सापडावा, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

७. जिजाईचा पक्ष

या घडणीची किंमत घरातील एका व्यक्तीने सातत्याने मोजली. कीर्तनांनी आणि चित्रपटाने जिजाईची प्रतिमा कजाग स्त्रीची केली आणि नंतर तिच्या शिव्यांमागचे प्रेम दाखवून ती सौम्यही केली. परंतु तिच्या परिस्थितीचा विचार या दोन्ही प्रतिमांच्या पलीकडे जाऊन करावा लागतो. ती सावकाराची मुलगी होती, दुष्काळातून वाचली होती आणि सवतीला उपासमारीने मरताना तिने त्याच घरात पाहिले होते. महिपतींच्या कथेनुसार पतीचा व्यापार पुन्हा उभा राहावा म्हणून तिने स्वतःच्या शब्दावर भांडवल उसने आणून दिले. व्यापारात नफाही झाला. आणि परतताना तुकोबांनी ती सगळी रक्कम एका गांजलेल्या माणसाला देऊन टाकली. तिने उभी केलेली पत दुसऱ्यांदा बुडाली, ती या वेळी दुष्काळाने नव्हे.

भंडाऱ्यावर भाकरी घेऊन जाणारी जिजाई हे या चरित्रातील सर्वांना ठाऊक असलेले चित्र आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की, तुकोबांच्या एकांताचा आधार तिचे श्रम होते. गाथेत काही अभंग असे आहेत की, ज्यांत पत्नीचे गाऱ्हाणे तिच्याच तोंडून येते. घरात दाणा नाही, टाळकुटे मात्र दारात जमतात, मुलांनी खावे काय, असा त्यांचा सूर आहे. दुसरीकडे पत्नीला उद्देशून केलेल्या उपदेशाचाही एक गट आहे. या दोन गटांना समोरासमोर ठेवले असता दिसते की, तुकोबांनी तिच्या आक्षेपाला उत्तर दिले, पण तो आक्षेप पुसला नाही. स्वतःच्या गाथेत त्याला जागा दिली. उत्तराने तिचे समाधान झाले की नाही, याचा पुरावा गाथेत नाही. एका माणसाला गवसलेला जीवनहेतू त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाच्या वाट्याला अधिक अनिश्चितता घेऊन येऊ शकतो, हे सत्य या चरित्राने लपविलेले नाही. तुकोबांच्या अभ्यासात जिजाईचा पक्ष विनोदाचा विषय न राहता साधन म्हणून वाचला गेला पाहिजे.

८. वह्या

कवित्व सुरू झाल्यावर देहूच्या कीर्तनाला माणसे जमू लागली. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ यांसारखे टाळकरी व लेखक जोडले गेले. एक तेली, एक ब्राह्मण आणि मध्ये कुणबी वाणी, अशी ही मंडळी होती. देहूतच राहणाऱ्या मंबाजी गोसाव्यांचा विरोध वाढला. पुढे बहिणाबाई आपल्या कुटुंबासह देहूस आल्या तेव्हा ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू मानल्याबद्दल याच मंबाजींनी त्यांचा कसा छळ केला, हे त्यांच्या आत्मनिवेदनात आले आहे. त्यामुळे विरोधाची ही हकीकत केवळ महिपतींवर अवलंबून नाही.

वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांच्या रचनेवर आक्षेप घेतला. शूद्राच्या मुखाने वेदार्थ प्रकट होतो, हा तो आक्षेप. वह्या इंद्रायणीत बुडविण्याची आज्ञा झाली. आत्मपर अभंगात तुकोबा येथे पुन्हा अत्यंत संक्षिप्त होतात. निषेधाचा आघात झाला, मन दुखावले, वह्या बुडविल्या आणि देवापाशी धरणे धरले, एवढेच ते सांगतात. तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून होते.

पहिल्या प्रसंगाशी याची तुलना केली असता फरक तीव्रतेने जाणवतो. खतपत्रे गेली तेव्हा जुने आयुष्य गेले; पण ते आधीच मोडलेले होते. वह्या गेल्या तेव्हा त्या मोडतोडीतून कष्टाने उभे केलेले नवे आयुष्य गेले. दुष्काळ हा कोणाचा निर्णय नव्हता. वह्यांवरची बंदी हा माणसांनी, धर्माच्या नावाने, विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. ज्या देवळाच्या दुरुस्तीपासून सर्व काही सुरू झाले, त्या देवाच्याच नावाने ते नाकारले गेले. जीवनहेतू सापडला म्हणजे अनिश्चितता संपली, अशी समजूत येथे टिकत नाही. अनिश्चितता या वेळी हेतूच्याच आत शिरली होती. देव माझ्या दृष्टीने उरलाच नाही, या टोकापर्यंत जाणारे जे संशयाचे अभंग गाथेत आहेत, त्यांचा नेमका काळ सांगता येत नसला तरी त्यांची मनोभूमी या प्रसंगाला जवळची आहे.

तेरा दिवसांनंतर वह्या कोरड्या वर आल्या, ही परंपरेची श्रद्धा आहे आणि बहिणाबाईंच्या निवेदनातही या घटनेचा उल्लेख असल्याने ती समकालीन आहे. अनेक आधुनिक अभ्यासक तिचा अर्थ असा लावतात की, अभंग लोकांच्या मुखी होते, ते लोकांनी परत आणून दिले. दोन्ही स्पष्टीकरणांपेक्षा तुकोबांची स्वतःची प्रतिक्रिया अधिक विचारार्ह आहे. यानंतरच्या अभंगांत विजयाचा आनंद दिसत नाही. दिसतो तो पश्चात्ताप. लोकांच्या बोलण्यासाठी मी देवाचा अंत पाहिला, त्याला शिणविले, हा माझा मोठा अन्याय झाला, असा त्यांचा आशय आहे. आपले म्हणणे खरे ठरले, याचे समाधान त्यांनी घेतले नाही. खरे ठरविण्याचा आग्रह धरला, याचीच त्यांना खंत वाटली.

येथे तुकोबांच्या जीवनहेतूची दुसरी घडण पूर्ण होते. पहिल्या वेळी त्यांनी धन सोडले आणि काम धरले. दुसऱ्या वेळी त्या कामाचे फळ आपल्या नावावर टिकलेच पाहिजे, हा हक्क सोडला. काम मात्र सोडले नाही. कीर्तन आणि अभंगरचना पुढेही चालूच राहिली. ज्यांनी बंदी घातली ते रामेश्वरभट्ट पुढे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांवर आदराने रचना केली. तुकोबांनी त्यांना स्वीकारले, त्यात उपकाराची भाषा नाही.

९. उत्तरकाल

फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांचे प्रयाण झाले. वर्ष काहींच्या मते १६४९, तर काहींच्या मते १६५०. रूढ जन्मवर्ष मान्य केले तर वय चाळिशीच्या थोडे पुढे. प्रयाणाविषयी वारकरी परंपरा सदेह वैकुंठगमन मानते. घातपाताचा तर्कही आधुनिक काळात मांडला गेला आहे. कान्होबांचे विलापाचे अभंग गाथेत आहेत. त्यांत भावाच्या अचानक जाण्याने पोरक्या झालेल्या माणसाचा आकांत आहे. जिजाई तेव्हा गरोदर होती. तिचा मुलगा नारायण याने वडिलांना पाहिले नाही. त्याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये देहूहून पंढरपूरकडे जाणाऱ्या पालखीची प्रथा सुरू केली, असे परंपरा मानते.

वह्यांचा प्रवासही अनिश्चिततेचाच आहे. संताजी जगनाडे यांच्या घराण्यातील हस्तलिखिते पुढे तळेगावी मिळाली आणि वि. ल. भावे यांनी त्यांवरून गाथा प्रसिद्ध केली. त्याआधी मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांची संपादित गाथा निघाली. तिचा पहिला खंड १८६९ मधील. या प्रतींतील पाठ आणि अभंगसंख्या सर्वत्र जुळत नाहीत. साडेचार हजारांच्या आसपास अभंग आज तुकोबांचे म्हणून छापले जातात. ज्या शब्दांवरचा हक्क त्यांनी सोडला, ते लेखकांच्या, गायकांच्या आणि संपादकांच्या हातांतून पुढे आले.

१०. समारोप

तुकोबांचा प्रदेश आज ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि त्यानंतरच्या काळात चाकणच्या औद्योगिक वसाहती भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत पोचल्या. मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतांतून येथे आलेल्या कामगारांपैकी अनेकांच्या मागे कोरडी शेती आणि कर्जाचे कागद असतात, पुढे कंत्राटाची मुदत असते. तुकोबांचे चरित्र त्यांच्याही परिसराचे चरित्र आहे. मात्र ते दिलासा म्हणून सांगितले की त्याचे चमत्कारात रूपांतर होते आणि चमत्कार अनुकरणीय नसतो.

या चरित्रात अनुकरणीय काही असेल, तर ते त्यातील क्रम होय. मोठ्या अर्थाची वाट न पाहता जवळचे मोडके देऊळ हाती घेणे, दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरणे, मनाला साक्षी ठेवणे आणि हाती आलेले काम हिरावले गेले तरी त्यावरचा हक्क सोडून ते चालू ठेवणे, असा तो क्रम आहे. त्याच वेळी जिजाईचा आक्षेपही या चरित्राचा भाग म्हणून सोबत ठेवावा लागतो. नाही तर हेतूची भाषा सोपी आणि किंमत अदृश्य होते. वैराग्य या एका शब्दाने तुकोबांच्या आयुष्यातील या दोन्ही घडणी झाकल्या गेल्या आहेत. आत्मपर अभंगांतील घटनाक्रम, पत्नीविषयक अभंगांचे दोन गट आणि वह्यांच्या प्रसंगानंतरचे पश्चात्तापाचे अभंग यांचे हस्तलिखित-परंपरांच्या आधारे एकत्र वाचन झाले, तर हे आवरण दूर होण्यास मदत होईल.